न धुतलेली बरणी

दिवाळीच्या साफसफाईत पुण्यात सगळ्यात जास्त कोण मरतं, असं मला कुणी विचारलं तर मी झुरळं म्हणणार नाही. झुरळं मरत नाहीत, शेजारी राहायला जातात. मरतात ते मासे. नवरात्र संपलं की माळे रिकामे होतात, पडदे उतरतात, पितळेची भांडी चिंचेनं घासून होतात, आणि मग घरातल्या कुणाचं तरी लक्ष कोपऱ्यातल्या माशांच्या काचपेटीकडे जातं. "शी, केवढा गाळ साचलाय!" असा उद्गार निघतो. पेटीतला फिल्टर उपसून मोरीत नेतात, भांड्यांच्या पावडरीनं घासतात, नळाखाली धरतात आणि लखलखीत करून परत पाण्यात सोडतात. घर उजळतं आणि मासे पोट वर करून तरंगायला लागतात. भाऊबीज झाली की ही मंडळी माझ्या दारात उभी राहायची आणि विचारायची, "काकू, तुमचा फिल्टर खराब निघाला का हो?"

मी नारायण पेठेत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत बसून बरीच वर्षं छोट्या काचपेट्यांसाठी फिल्टर तयार केले आणि विकले. 'फिल्टरवाल्या काकू' हे नाव इतकं पक्कं झालं की मुलाच्या लग्नात व्याह्यांनी मला पिण्याच्या पाण्याबद्दल सल्ला विचारला. मी दिला. पुण्यात सल्ला मागितल्यावर नाही म्हणायची पद्धत नाही. तसं पाहिलं तर मागेपर्यंत थांबायचीही नाही.

या धंद्यात मी कशी पडले ते थोडक्यात सांगते. देशानं जगासाठी दारं उघडली तेव्हा बाहेरून बरंच काही आत आलं आणि त्याच दारातून आमचे हे बाहेर पडले. पिंपरीच्या एका कारखान्यात हे टूलरूममध्ये होते. यंत्रांना लागणारे साचे आणि हत्यारं जिथे बनतात ती ही खोली. तिथे केसाएवढी चूकही खपत नाही. 'चालतंय' हा शब्द तिथे कुणी उच्चारत नाही, असं हे अभिमानानं सांगायचे, आणि घरात आम्हालाही उच्चारू द्यायचे नाहीत. पुढे नवीन यंत्रं आली, ती स्वतःच सगळं अचूक करायला लागली, आणि ह्यांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. स्वेच्छा वरच्या साहेबांची होती, निवृत्ती तेवढी ह्यांची.

ज्याच्याकडे आता वेळच वेळ आहे अशा माणसाला घड्याळ भेट द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. ह्यांच्या मित्रांनी त्यातल्या त्यात विचार केला आणि माशांची काचपेटी दिली. हे सकाळी उठून तिच्यासमोर बसायचे, ते जेवणापर्यंत. मासे आठवडाभरात मरायचे. हे नवीन आणायचे, तेही मरायचे. हे काही बोलायचे नाहीत, फक्त मेलेला मासा कुंडीत पुरून यायचे. आमच्या तुळशीला त्या वर्षी असा बहर आला की शेजारणी खत विचारायला आल्या. मला मात्र ह्यांच्याकडे बघवत नव्हतं. कारखान्यानं टाकलं, आता मासेही टाकून जातायत, असं ह्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असायचं.

परदेशी फिल्टर तेव्हा दुकानात काचेच्या कपाटात असायचे. ते बघायला बंदी नव्हती. मी लग्नाआधी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेतली होती आणि तोवर तिचा उपयोग घट्ट दही लावण्यापुरता झाला होता. म्हटलं, बघू या तरी.

आता ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी. फिल्टर म्हणजे गाळणी, असं सगळे समजतात. गाळणीचं काम तो करतो, पण ते वरवरचं. मासा पाण्यातच खातो आणि बाकीचंही पाण्यातच उरकतो. त्यातून अमोनिया तयार होतो. तो दिसत नाही, पाणी आरशासारखं स्वच्छ असतं आणि मासा त्यातच भाजून निघतो. हा अमोनिया खाऊन संपवणारे जिवाणू असतात. ते कुठेतरी चिकटून राहतात आणि त्यांना सतत वाहतं पाणी लागतं. फिल्टर हे त्यांचं घर. तपकिरी, बुळबुळीत, बघून शिसारी येईल असा जो थर फिल्टरमध्ये बसतो, तीच ही जिवंत वस्ती. ती नळाच्या क्लोरीनच्या पाण्यानं धुतली की पेटी स्वच्छ होते आणि मासे दोन-चार दिवसांत देवाघरी जातात. आणि ही वस्ती नव्या फिल्टरमध्ये आपोआप बसायला महिनाभर लागतो. त्यापेक्षा जुन्या फिल्टरमधला थोडा गाळ नव्यात घातला तर काम पटकन होतं. म्हणजे विरजण. मी माझा कुठलाही फिल्टर विरजण लावल्याशिवाय विकला नाही. आमच्या पेटीतला मूळ गाळ असा अर्ध्या पुण्यात गेला. शेजारणीला वाटीभर विरजण देताना जसं आपण मोजत नाही, तसं मीही कधी मोजलं नाही.

फिल्टर मी लोणच्याच्या प्लास्टिकच्या बरण्यांचे करायचे. छोट्या पेटीत कोपऱ्यात बसेल एवढीच बरणी. झाकणाला आणि वरच्या भागाला भोकं, म्हणजे पाणी वरून आत शिरतं. आत वर स्पंजाचा थर, तो मोठा कचरा अडवतो. खाली मातीच्या खापरांचे तुकडे, जिवाणूंना राहायला. मधोमध तळापर्यंत जाणारी नळी, तिच्यात हवेच्या पंपाची बारीक ट्यूब. हवेचे बुडबुडे नळीतून वर जाताना खालचं पाणी बरोबर ओढून नेतात आणि वरून नवीन पाणी आत येत राहतं. एवढीच करामत. परदेशी कंपन्या खापरांच्या जागी चिनीमातीच्या खास कड्या घालतात. मी पणत्या घालायचे. दिवाळी संपली की कुंभारवेशीत टवके उडालेल्या, न खपलेल्या कोऱ्या पणत्या पडून असतात. त्या आणायच्या, फोडायच्या. तेल लागलेली पणती चालत नाही, कोरीच हवी. न भाजलेली तर अजिबात नको, तिचा चिखल होतो.

भोकं पाडायचं काम ह्यांचं. पहिली बरणी मी तापवलेल्या दाभणानं केली आणि ह्यांच्यापुढे ठेवली. हे कितीतरी दिवसांनी बोलले.

"ही भोकं आहेत की उंदरानं कुरतडलंय?"

"पाणी जाण्याशी मतलब. चालतंय," मी म्हटलं.

हे उठले, माळ्यावरून आपली हत्यारांची पेटी काढली आणि लोणच्याच्या बरणीला बारीक मापं घ्यायचा कॅलिपर लावून बसले. त्यानंतर आमच्या घरातून एकही बरणी वाकड्या भोकांची बाहेर पडली नाही. माशांना याचा काय फायदा झाला ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण ह्यांना झाला. हे परत वेळेवर दाढी करायला लागले.

आमच्या पेटीतले मासेही मग जगायला लागले. त्यातला एक गोल्डफिश होता, पांढरा, गुबगुबीत आणि डोक्यावर लाल टोपी घातल्यासारखा. ह्यांनी त्याचं नाव 'साहेब' ठेवलं. "मला बघून स्वतःहून जवळ येणारा हा एकच साहेब," असं म्हणायचे.

गिऱ्हाइकांबद्दल लिहायला बसले तर हा दिवाळी अंक मला एकटीलाच पुरायचा नाही. हवेचा पंप नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर ठेवायचा, हे मी प्रत्येकाला घसा फोडून सांगायचे. कारण वीज गेली की हवा थांबते आणि पाणी ट्यूबमधून उलटं खाली उतरतं. शनिवार पेठेतल्या एका बाईंना पंपाच्या गुणगुणीनं मालिकेतले संवाद ऐकू येईनात, म्हणून त्यांनी तो खाली चपलांच्या कपाटात ठेवला. गुरुवारी वीज गेली. संध्याकाळी बाई ओल्या चपलेचा एक जोड हातात घेऊन माझ्याकडे आल्या. "पाणी वर चढवणारा फिल्टर म्हणून घेतला होता," त्या म्हणाल्या. मासे कसे आहेत ते त्यांना विचारावं लागलं, तेही मीच.

मग माहिती तंत्रज्ञान आलं. हिंजवडीच्या एका कंपनीच्या स्वागतकक्षात काचपेटी होती. भरभराटीसाठी ईशान्येला पाणी असावं, असा सल्ला त्यांना कुणीतरी दिला होता. जगभराची सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं ईशान्य दिशा शोधायला मोबाइल गरागरा फिरवत होती. त्यांच्या व्यवस्थापकानं मला बोलावून घेतलं. मुलगा गोड होता.

"मॅडम, बबल्स थोडे अनप्रोफेशनल दिसतात. क्लायंट व्हिजिट आहे. तेवढा वेळ बंद ठेवता येतील का?"

"क्लायंट तेवढा वेळ श्वास न घेता बसणार असतील तर ठेवा," मी म्हटलं.

त्यानं ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या वर्षी तिथे भिंतीएवढा टीव्ही आला आणि टीव्हीत मासे. त्यांना फिल्टर लागत नाही, मरतही नाहीत आणि कुणी जवळ गेलं तरी ढुंकून बघत नाहीत. त्या इमारतीत ते चांगले मिसळून गेले असणार.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त छळलं ते येरवड्याच्या सुभेदारांनी. सुभेदार गायकवाड तुरुंग खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे गप्पींची छोटी पेटी होती आणि ते सकाळ-संध्याकाळ माशांची मोजणी करायचे. "ताई, आयुष्यात पहिल्यांदा बघतोय," ते मला म्हणाले होते, "इथं रात्रीतून कुणी कमी होत नाही, वाढतात." नदी ओलांडून ते सारखे माझ्याकडे यायचे, इस्त्रीचा शर्ट घालून, फक्त तक्रार नोंदवायला.

"ताई, बरणीवर डाग पडलेत."

"पडू द्या."

"आतून काळी झाली."

"होऊ द्या."

"आलेला माणूस विचारतो, हे काय ठेवलंय. शोभत नाही. एकदा धुऊ का?"

"नाही."

"नुसत्या पाण्यानं?"

"सुभेदार, पेटीतलं पाणी बादलीत घ्या, त्यात स्पंज हलकासा पिळा आणि परत ठेवा. खापरांना हात लावायचा नाही. नळाचं पाणी नाही, साबण नाही, पावडर नाही."

"बरं. शिस्त म्हणून विचारलं."

महिन्याभरात परत हजर. एका दिवाळीच्या आधी, घरात पाहुणे आणि कढईत चकली असताना ते आले आणि म्हणाले, "ताई, सणाचं तरी धुऊ का?" माझा तोल गेला. मी म्हटलं, "धुवा! खुशाल धुवा! पण मग माझ्या दारात येऊ नका." सुभेदारांनी मान हलवली, बूट घातले आणि गेले. त्यानंतर ते आलेच नाहीत. रागावले असणार, असं मी धरून चालले. गिऱ्हाईक गेल्याचं वाईट वाटलं नाही, पण त्या तक्रारींची सवय झाली होती. कुकरची शिट्टी बिघडली की घर जसं सुनं वाटतं, तसं काही दिवस वाटलं.

पुढे चिनी फिल्टर आले. देखणे, आवाज न करणारे, दिव्याचे. लोकांनी माझ्या बरण्या काढून टाकल्या आणि एका परीनं ते बरोबरच होतं. लोणच्याच्या बरणीपुढे कुणी किती दिवस हात जोडून बसणार? मी धंदा हळूहळू आवरता घेतला. खंत एवढीच की नवीन फिल्टरही लोक धुवायचेच, फक्त आता मेलेले मासे घेऊन यायला त्यांना दार उरलं नव्हतं.

त्याच सुमाराला ह्यांना अर्धांगाचा झटका आला. चालणं पुष्कळ सुधारलं, बोलणं तुटक झालं, उजवा हात मात्र तसाच राहिला. फिजिओथेरपीची मुलगी रोज यायची, मऊ चेंडू द्यायची आणि म्हणायची, "आजोबा, दाबा ना." आजोबा चेंडूकडे असं बघायचे की एखाद्या शिकाऊ मुलानं वाकडा साचा आणून दाखवलाय. ती थकली, मीही थकले. मग एके दिवशी पाहते तो हे पेटीपाशी बसलेले आणि उजव्या हाताच्या चिमटीत माशांच्या खाण्याचा दाणा धरायची खटपट चाललेली. दाणा पडायचा, हे दुसरा उचलायचे. साहेब काचेला तोंड लावून वाट बघत होते. त्यांचं वय झालेलं, टोपीचा रंग उतरलेला, पण भूक शाबूत. बऱ्याच वेळानं एक दाणा चिमटीत राहिला आणि पाण्यात पडला. तेव्हापासून तो रोजचा कार्यक्रम झाला. डॉक्टर म्हणाले, "हे चालू ठेवा, यानंच हात येईल." म्हणजे आमच्या घरात ह्यांचा उजवा हात आणि तो म्हातारा मासा एकाच बरणीच्या भरवशावर होते.

आता दिव्याखालच्या अंधाराची गोष्ट.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर साताऱ्याला भाचीचा साखरपुडा होता. मी चार दिवस तिकडे गेले आणि ह्यांना मुलाकडे बाणेरला ठेवलं. आमची सून मधुरा, आयटीतली, कामाला वाघ. ऑफिसातून येता-जाता ती पेठेत वाकडी वाट करून साहेबांना खाऊ घालायची. अशा सुनेबद्दल वाईट लिहायला माझी लेखणी धजत नाही, म्हणून फक्त घडलं ते लिहिते. तिनं आम्हाला दिवाळीची भेट म्हणून ॲपवरून साफसफाईची माणसं बोलावली. आम्ही परतलो तर घर ओळखू येईना. फरशीत चेहरा दिसत होता. आणि काचपेटी अशी चमकत होती की पाणी आहे की नाही ते बोट घालून बघावं लागलं.

"आई, आवडलं?" मधुरानं विचारलं. "टँक खूपच ग्रॉस झाला होता ना, म्हणून मी ॲड-ऑन घेतला, ॲक्वेरियम डीप क्लीनिंगचा. त्या जारमध्ये तर नुसते मातीचे तुकडे भरले होते, कुणी टाकले काय माहीत. त्यांनी सगळे फेकून दिले."

अर्ध्या पुण्याला जे ओरडून सांगितलं ते मी माझ्या सुनेला कधी सांगितलंच नव्हतं. घरच्यांना सांगायचं असतं हे आपल्या लक्षात येत नाही.

साहेब तळाशी कल्ले आपटत पडले होते. ह्यांनी खुर्ची ओढली, दाणा चिमटीत धरला आणि पाण्यात टाकला. दाणा साहेबांच्या पाठीवरून घरंगळून वाळूत गेला. ह्यांनी दुसरा टाकला. मग डबी मिटली आणि उजवा हात मांडीवर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी चेंडूची मुलगी आली तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून झोपले होते. मला भीती वाटली. माशाची कमी, ह्यांची जास्त.

मधुराला मी सगळं तेव्हा सांगितलं. मी क्लोरीन उडालेलं शिळं पाणी घालून, काढून, परत घालून वेळ काढत होते, पण पाणी बदलून बदलून किती बदलणार? साहेबांचे पर लाल पडायला लागले होते. हवं होतं विरजण. बाटलीतलं विकत मिळतं, पण त्यात काही जिवंत असलं तर असलं. मी जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावले. एकीच्या पेटीत आता मनीप्लांट होता. एकानं ऐकवलं की त्यांचा चिनी फिल्टर कंपनीचा माणूस दर पंधरा दिवसांनी चकाचक धुऊन जातो, आणि मासे जगत नाहीत ते पुण्याच्या हवेमुळे. शनिवार पेठेतल्या त्या चपलांच्या बाई म्हणाल्या, "अगं बाई, कालच सगळं घासलं. दिवाळी नाही का!"

शेवटी एकच नाव राहिलं. त्यांचा फोननंबर माझ्याकडे नव्हता. "नागपूर चाळीमागे," एवढंच ते कधीतरी म्हणाले होते. मधुरानं गाडी काढली. वाटेत एक बादली मांडीवर घेऊन मी बसले होते आणि मनात म्हणत होते, ज्या माणसाला मी दारात येऊ नका म्हटलं, त्याच्या दारात आता मी निघालेय.

चार ठिकाणी विचारल्यावर घर सापडलं. सुभेदारांनीच दार उघडलं. केस पांढरे झालेले, शर्टाची इस्त्री तशीच.

"सुभेदार, ओळखलंत का?"

"फिल्टरवाल्या ताई. या, या. माझी काही तक्रार नाही."

"माझी आहे," मी म्हटलं.

आत बुद्धमूर्तीसमोर त्यांच्या पत्नी मेणबत्ती लावत होत्या. शेजारी ती पेटी. गप्पींची चौथी की दहावी पिढी चमचमत होती आणि कोपऱ्यात लोणच्याची बरणी, इतकी काळी की आतलं काही दिसेना. सरळ ओळीतल्या भोकांमधून बुडबुडे येत होते. मी विचारू नये ते विचारलं.

"मधे कधी धुतली होती का?"

सुभेदारांना ते लागलं. "ताई, तुम्ही म्हणाला होता, धुतली तर दारात येऊ नका. मग मी कशाला धुतोय? पेटीतल्या पाण्यात स्पंज पिळतो, तेवढंच."

"मग इतकी वर्षं आला का नाहीत? मला वाटलं, रागावलात."

"राग कशाचा? काही बिघडलंच नाही. तक्रार नसताना माणूस कशाला जाईल?"

मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. आलेलं पाणी मी लपवलं नाही, कारण लपवायला हात रिकामा नव्हता. बादली धरली होती. मी सगळी हकीकत सांगितली. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "अर्धी खापरं तुमची, अर्धी आमची." आणि शर्टाची बाही वर करून पेटीत हात घालायला लागले. इतक्यात बाहेर दिवे लागले आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "अहो, पण तिन्हीसांजा झाल्या. या वेळी विरजण देत नाहीत."

त्यांच्या पत्नी वळल्या आणि म्हणाल्या, "आम्ही नाही मानत ते, ताई. मासा मानतो का?"

सुभेदारांनी अर्धी खापरं एका जाळीच्या पिशवीत भरून आपल्या पेटीत हवेच्या ट्यूबपाशी परत सोडली. अर्धी खापरं आणि स्पंज बरणीतच ठेवून बरणी माझ्या बादलीत दिली, वरून पेटीतलंच पाणी. मी निघाले तर ते बूट घालताना दिसले.

"तुम्ही कुठे?"

"आतून बाहेर वस्तू निघाली की बरोबर माणूस जातो. नियम आहे."

घरी हे तसेच खुर्चीत होते. सुभेदारांनी बादली समोर ठेवली आणि बरणी वर काढली. ह्यांनी आधी तिच्याकडे बघितलंच नाही. मग बघितलं. डाव्या हाताचं बोट हळूहळू भोकांच्या ओळीवरून फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हे काम कुणाचं आहे ते सांगायची गरज नव्हती. गाडीत हिसक्यानं आतली नळी सरकली होती आणि ती नीट करायला झाकण उघडायला हवं होतं. मी हात पुढे केला तर ह्यांनी तो बाजूला सारला. बरणी डाव्या कुशीत धरली, उजवा हात झाकणावर ठेवला आणि दाबला. बोटं घसरली. परत ठेवली. सुभेदारांनी मदतीला हात उचलला आणि काय वाटलं कोण जाणे, खाली घेतला. मधुरा दाराशी ओठ चावत उभी होती. मग झाकण कुरकुरलं आणि फिरलं.

ह्यांनी नळी बसवली, आतल्या काळ्या गाळाकडे पाहिलं आणि सुभेदारांना एकेक शब्द वेचत विचारलं, "धुतली... नाही... ना?"

सुभेदारांनी टाचा जुळवल्या. "नाही साहेब!"

साहेब वाचले. लगेच नाही, पण एका सकाळी दाणा पाठीवरून घरंगळला नाही, तोंडात गेला. ह्यांनी डबी मिटली नाही. सुभेदार आता परत येतात, म्हणे शिस्त म्हणून. आल्यावर तक्रार एकच, की त्यांची बरणी आम्ही परत केलेली नाही. खरी गोष्ट अशी की ह्यांनी ती द्यायला नकार दिलाय.

उन्हाळ्यात मधुरा लोणच्याची रिकामी बरणी घेऊन आली. तिच्या फ्लॅटवर तिला छोटी पेटी ठेवायची होती. "आई, थोडं विरजण मिळेल?" तिनं विचारलं, आणि मग ह्यांच्याकडे वळून, "बाबा, भोकं तुम्हीच पाडा ना." ह्यांनी माळ्यावरून हत्यारांची पेटी काढायला लावली. कॅलिपर लावला. डाव्या हातानं बरणी धरली, उजव्यानं ड्रिल. सगळी दुपार गेली. झाल्यावर बरणी टेबलावर ठेवली तेव्हा ओळ चढत गेली होती, मधे एक भोक दुसऱ्याला चिकटलं होतं. ह्यांनी बरणी उजेडात धरून बराच वेळ बघितली. ही बरणी आता केराच्या टोपलीत जाणार आणि तिच्याबरोबर आणखी काय काय जाणार, ते मला दिसत होतं.

ह्यांनी ती मधुराच्या हातात दिली.

"पाणी जाईल," हे म्हणाले. "चालतंय."